काऱ्याध्यक्ष

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावून द्यायचं, दुकान आहे. एक बरा कॉम्प्युटर, एक म्हातारा कॉम्प्युटर, लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन. खरं सांगायचं तर घर झेरॉक्सवर चालतं. बाकी लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं. हिवाळ्यात मात्र कामाची जात बदलते. आमच्या सीमाभागात कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी अशा गावागावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी, भाषणं, कथाकथन, दुपारी पंगत. संमेलन आलं की स्मरणिका आली, आणि स्मरणिका आली की गुरुजी माझ्या दुकानाची पायरी चढतात.

यंदाही आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत फायली. "शहाण्णव पानं धर. रंगीत फक्त कव्हर. संक्रांतीच्या आधी हातात पाहिजे बघ." दिवस उरले होते सतरा. शहाण्णव म्हणजे सोळा पानांचे सहा फॉर्म, हिशेब सुटसुटीत. मजकूर मात्र सुटसुटीत नव्हता. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवलेला, कुणी वर्डमध्ये, कुणी वहीच्या पानांवर. आणि गुरुजींचा स्वतःचा लेख एका सीडीवर. १९४६ साली बेळगावात माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन झालं, त्यात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्याबद्दलचा लेख. पूर्वी एका अंकात छापून आला होता. तो टाइप केला होता मीच, पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्राममध्ये.

पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ ची, आणि तीच शेवटची. त्याच कामासाठी आता वापरतो ते नवं इनडिझाइन त्या फायली उघडतच नाही. म्हणून तर तो म्हातारा कॉम्प्युटर मी भंगारात घातलेला नाही. त्यात अजून विंडोज एक्सपी आहे. त्यावर फाइल उघडली, मजकूर बाहेर काढला आणि नव्या मशीनवर आणला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. हे अपेक्षितच होतं. जुने मराठी फॉन्ट म्हणजे मुखवटे होते. कॉम्प्युटरच्या लेखी आपण इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि अवतरण चिन्हंच टाइप करत होतो, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी 'क', 'ख', काना, वेलांटी दाखवायचा. फॉन्ट काढला की मुखवटा उतरला.

असा मजकूर वर्डमध्ये नुसता चिकटवायचाही नाही, हे मी फार पूर्वी ठेच लागून शिकलोय. वर्ड वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करतं, आणि जुन्या फॉन्टमध्ये छोट्या अक्षराखाली एक मराठी अक्षर तर कॅपिटलखाली दुसरंच. सरळ अवतरण चिन्हाचं वळणदार चिन्ह झालं तरी तोच घोटाळा. मदत म्हणून केलेली दुरुस्ती मजकूर नासवते. ते सगळे आपोआपचे उद्योग आधी बंद केले, मग कन्व्हर्टरमधून लेख युनिकोडमध्ये आणला, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या आजच्या पद्धतीत. रफार दोन-तीन ठिकाणी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला होता आणि आकडे इंग्रजीच राहिले होते. किरकोळ. १९४६ पुन्हा मराठीत केलं आणि पुढं गेलो.

इथपर्यंत मी खूष होतो.

घोळ सुरू झाला तो सगळे लेख इनडिझाइनमध्ये ओतल्यावर. 'किती' मधली पहिली वेलांटी 'क'च्या नंतर जाऊन बसलेली. जोडाक्षरं फुटलेली, पाय मोडलेली. जागोजागी गुलाबी पट्ट्यात रिकामे चौकोन. मागच्याच महिन्यात मी विंडोज नव्यानं टाकून घेतलं होतं, त्यात इनडिझाइनच्या माझ्या सगळ्या सेटिंगा गेल्या होत्या. ते डोक्यातून साफ निघून गेलं. कारण शोधायचं सोडून मी दिसेल ते पुसायला लागलो. चौकोन कशाचे आहेत ते पाहिलं. काही अदृश्य चिन्हं होती, अक्षर जोडायची किंवा तोडायची. 'शोधा आणि बदला' मध्ये जाऊन ती सगळ्या फाइलमधून उडवून टाकली. चौकोन गेले. वेलांट्या तशाच.

मग फॉन्ट बदलून पाहिला. मग दुसरा. मग प्रेफरन्स रीसेट केले, म्हणजे कंट्रोल, आल्ट आणि शिफ्ट तिन्ही दाबून धरून प्रोग्राम चालू करायचा. त्यानं मेनू जागेवर आले, वेलांट्या नाहीत. अर्धा दिवस गेला. बायको डबा घेऊन आली, म्हणाली, "सकाळपासून एकच पान उघडून बसलाय. काय करालाय तरी काय?"

जेवताना आठवलं. इनडिझाइनमध्ये मजकूर जुळवणारे कंपोजर दोन तऱ्हेचे आहेत. नेहमीचा आहे तो रोमन लिपीपुरता. त्याला वेलांटी उच्चारानंतर येते पण लिहायची आधी, हे ठाऊकच नाही. आपल्या लिप्यांसाठी वर्ल्ड-रेडी कंपोजर लागतो. पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत तो असतो. शिवाय स्क्रिप्ट्सच्या पॅनेलमध्ये भारतीय लिप्यांसाठी एक तयार स्क्रिप्ट दिलेली आहे, ती एकदा चालवली की नव्या फायलींना हाच कंपोजर लागतो. उघडलेल्या फाइलला मात्र हातानं लावावा लागतो. मी तो मूळ पॅराग्राफ स्टाइलमध्येच, म्हणजे परिच्छेदांच्या मूळ साच्यातच, घातला, म्हणजे तिच्यावर बेतलेल्या सगळ्या स्टाइलींना आपोआप लागला. एका क्लिकसरशी शहाण्णव पानं मराठी झाली.

त्याच वेळी स्टाइलमध्ये भाषाही मराठी केली. ही गोष्ट बरेच जण सोडून देतात. भाषा इंग्रजी राहिली तर काही चांगल्या फॉन्टांतही 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. फॉन्टात दोन्ही रूपं असतात, कुठलं दाखवायचं ते भाषा बघून ठरतं. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये पाकळीचा 'ल' आणि गाठीचा 'श' मराठीसाठी ठरवून दिला. आता आम्ही महाराष्ट्रात नाही, शासन निर्णय आम्हाला लागू होत नाही. पण गुरुजींना हिंदी वळणाचा 'ल' दिसला की ते त्याला तांबड्या पेनानं पाकळी काढतात, आणि खानापुरात गुरुजींचा निर्णय लागू होतो.

प्रूफं काढून दिली. चार दिवसांनी तांबडी होऊन परत आली. नेहमीच्या चुका मी पटापट लावत गेलो. शेवटच्या पानाशी आलो, आभाराच्या. तिथं एका ओळीखाली गुरुजींनी दोन रेघा मारल्या होत्या आणि समासात लिहिलं होतं, 'हे कोण?'

ओळ अशी होती: 'दोन हजार लोकांचा स्वयंपाक करणाऱ्या गावातील सर्व आचार्यांचे मनःपूर्वक आभार.'

आचाऱ्यांचे आचार्य झाले होते.

मग पानं चाळायला लागलो तर अंगावर काटाच आला. 'शेतकऱ्यांचा' चा 'शेतकर्यांचा'. सह्याद्रीच्या दऱ्यांचे दर्ये झालेले. कणकुंबीच्या पावसावरच्या कवितेत 'वाऱ्यावर' ऐवजी 'वार्यावर'. गंमत म्हणजे सगळीकडं नाही. वरच्या ओळीतलाच 'करणाऱ्या' शाबूत होता, तो प्रूफं काढण्याआधी वाक्य वाढवताना मी स्वतः टाइप केलेला. फोनवर लिहिलेल्या काही लेखांत सगळं नीट, काहींत सगळं बिघडलेलं.

हा 'ऱ्य' आपल्या मराठीचा खास आहे. 'र'चं ते आडवं, भुवईसारखं रूप. युनिकोडमध्ये तो लिहायच्या दोन वाटा आहेत. एक, नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, 'ऱ' घ्यायचा, हलन्त द्यायचा आणि पुढं 'य'. दुसरी, साधा 'र', हलन्त, मग अक्षर जोडणारं एक अदृश्य चिन्ह, आणि 'य'. दिसायला दोन्ही सारखे. पण दुसऱ्या वाटेनं लिहिलेल्यातलं ते अदृश्य चिन्ह काढलं की मागं राहतो साधा 'र्य', सूर्यातला. आणि ती चिन्हं कुणी काढली होती? पहिल्या दिवशी चौकोन पुसले ते कुणी? मीच की. कंपोजर चुकीचा होता म्हणून ती चिन्हं चौकोन होऊन दिसत होती. कंपोजर आधी बदलला असता तर चौकोन आपोआप गेले असते आणि 'ऱ्य' जिवंत राहिला असता.

मूळ फायली होत्या. पण त्या पुन्हा ओतायच्या तर गुरुजींच्या चार दिवसांच्या दुरुस्त्या पुन्हा लावायच्या. ते शक्य नव्हतं. तेव्हा मी डोकं चालवलं. सगळे 'र्य' बदलले तर 'सूर्य', 'कार्य', 'धैर्य' बिघडणार, एवढी अक्कल होती. पण हा आडवा 'र' येतो बहुतेक सामान्यरूपात, म्हणजे पुढं काना असताना: शेतकऱ्याला, वाऱ्यावर, दुसऱ्यांदा. तर मग फक्त 'र्या' शोधायचं आणि 'ऱ्या' करायचं. सगळं बदला. तीनशे एकोणीस ठिकाणी बदल झाले असं फलक सांगून गेला. माझं मलाच कौतुक वाटलं. संध्याकाळी दुसरी प्रूफं गुरुजींच्या घरी पोचवली.

सकाळी सात वाजता फोन. "आरं, स्वागताध्यक्ष सोड, मला एक सांग. काऱ्याध्यक्ष म्हणजे कोण असतो?"

पान तीनवर, संमेलन समितीच्या यादीत, ठळक अक्षरांत: काऱ्याध्यक्ष. त्याखाली काऱ्यालय. आत मऱ्यादा, पऱ्याय, दिनचऱ्या. एका गंभीर वैचारिक लेखात 'पऱ्यायी शिक्षणव्यवस्था' अकरा वेळा.

त्या दिवशी दुकानाला अर्धं शटर लावून बसलो. या खेपेला 'सगळं बदला' च्या वाटेला गेलो नाही. मजकूर बाहेर काढला, 'र्य', 'ऱ्य' असलेले सगळे शब्द वेगळे करून त्यांची अक्षरवार यादी केली, पुन्हा पुन्हा येणारे गाळले. शंभरच्या आत शब्द उरले. प्रत्येक शब्द वाचून ठरवला आणि एकेक शब्द पुरा बदलला. 'आचार्य' तेवढा जागेवर जाऊन पाहावा लागला, कारण एका लेखात खरेच आचार्य अत्रे होते. यादी संपता संपता लक्षात आलं की 'ऱ्ह' सुद्धा याच जातीचा. तऱ्हा, कुऱ्हाड, वऱ्हाड. ते वेगळे शोधले, आठ सापडले. दीड दिवस गेला, पण त्यानंतर गुरुजींचं तांबडं पेन त्या अक्षरावर उठलं नाही.

बाकीच्या अडचणी यापुढं पोरखेळ वाटल्या. दोन सांगतो.

जाहिराती. आमच्याकडं पतसंस्थेची जाहिरात म्हणजे नाव कन्नडमध्ये वर, मराठीत खाली, आकडे इंग्रजीत. २०२४ पासून दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नडचा नियम कर्नाटकात आल्यावर तर पाटीचं कामही असंच दोन लिप्यांचं झालंय. मराठी फॉन्टात कन्नड अक्षरं नसतात, त्यामुळं कन्नड ओळींच्या जागी पुन्हा ते गुलाबी चौकोन. या खेपेला मी चौकोन पुसले नाहीत. पॅराग्राफ स्टाइलमध्ये ग्रेपची, म्हणजे अक्षरांचा नमुना ओळखणाऱ्या सूचनेची, एक ओळ घातली: कन्नड लिपीच्या युनिकोड पट्ट्यातलं अक्षर आलं की कन्नड फॉन्ट लाव. मग कुठंही कन्नड चिकटवा, आपोआप बरोबर. अट एवढीच की कन्नड युनिकोडमध्ये हवं. नुडी या कन्नड सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टात टाइप केलेलं आलं तर तिथंही आपल्यासारखाच मुखवट्याचा मामला. दोन भाषा भांडतात म्हणे, पण त्यांच्या जुन्या फॉन्टांचा आजार एकच.

दुसरं, पीडीएफ. शेवटच्या रात्री पीडीएफ काढायला घेतली, अर्ध्यावर जाऊन प्रोग्राम बंद. पुन्हा तेच. रात्री अकराला लाइट गेली, यूपीएस टीं टीं करायला लागला, तेव्हा मशीन नीट बंद केलं आणि मेणबत्तीच्या उजेडात विचार केला. सकाळी आधी फाइल आयडीएमएल या इनडिझाइनच्याच दुसऱ्या प्रकारात काढून पुन्हा उघडली. जुनी, शंभरदा सेव्ह केलेली फाइल यानं बऱ्याचदा ताळ्यावर येते. आली नाही. मग निम्मी निम्मी पानं काढली. एक ते अठ्ठेचाळीस निघाली. एकोणपन्नास ते बहात्तर अडली. बारा, सहा, तीन करत पान सत्तावन्नवर येऊन ठेपलो. तिथं दिंडीचा एक फोटो होता, पेनड्राइव्हवरून आलेला. पडद्यावर दिसायला ठणठणीत, आतून फाइल अर्धवट. फोटोशॉपमध्ये उघडून नव्यानं सेव्ह केला, जागेवर लावला, शहाण्णव पानं सरळ निघाली. चहा गार होईपर्यंतचं काम. आदल्या रात्री मात्र मी इनडिझाइन पुरतं काढून नव्यानं टाकायच्या तयारीत होतो.

फोटोंवरून आठवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या दर्जात आलेला फोटो लांबीला साधारण सोळाशे पिक्सेलचा असतो. छपाईला इंचाला तीनशे लागतात, म्हणजे सव्वापाच इंचांपर्यंत तो चालेल. अध्यक्षांचा फोटो कव्हरभर हवा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, हे मी प्रत्येक वर्षी प्रत्येक समितीला सांगतो. प्रत्येक वर्षी तो फोटो स्टेटसचा स्क्रीनशॉट असतो.

पीडीएफ घेऊन बेळगावला गेलो, सव्वीस किलोमीटर. प्रेसमधला ऑपरेटर कन्नड, आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणतो. त्याला मराठी वाचता येत नाही असं तो सांगतो, पण काळा रंग वाचता येतो. पीडीएफ उघडून त्यानं सेपरेशनमध्ये, म्हणजे छपाईचे रंग वेगवेगळे दाखवणाऱ्या खिडकीत, काळी प्लेट बंद केली. मजकूर पडद्यावरून जायला हवा होता. तीन लेख तसेच राहिले, करडे-तांबूस. वर्डमधून आलेला काळा चार रंगांचा होता. आतली पानं एकरंगी, प्लेट फक्त काळ्याची निघणार, म्हणजे त्या तीन लेखांची अक्षरं फिकी आणि ठिपक्यांची उठली असती.

"एनरी, हे काय हो?" अण्णा म्हणाला.

लॅपटॉप बरोबर होता. स्वॉचमधला, म्हणजे रंगांच्या यादीतला, तो परका काळा काढून टाकला, त्याच्या जागी खरा काळा घे म्हणून सांगितलं, पुन्हा पीडीएफ. अण्णानं पुन्हा काळी प्लेट बंद केली, पान कोरं. "हौदरी," म्हणाला. मग सवयीनं म्हणाला, सगळं कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांची चित्रं करून, द्या, फॉन्टचा प्रॉब्लेम नको. मी फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ दाखवली, फॉन्टांची यादी दाखवली. कोरल या चित्रं काढायच्या प्रोग्राममधल्या एकपानी जाहिराती मी कंट्रोल-क्यू मारून कर्व्ह करूनच देतो, त्यात वाद नाही. पण शहाण्णव पानं कर्व्ह केली की मजकूर मेला. मग त्यात ना शोधता येत, ना बदलता येत. एक शब्द चुकला तर चित्र पुसून पुन्हा काढायचं. अण्णाला पटलं, किंवा जेवायची वेळ झाली होती.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी गठ्ठे आले. संमेलनाच्या दिवशी मांडवामागं चुलाण्याजवळ एक आचारी पायावर स्मरणिका ठेवून शेवटचं पान वाचताना मला दिसला, बोटांना पीठ लागलेलं. मी लांबूनच पाहिलं.

गुरुजी पंगतीत शेजारी बसले. जेवण होईपर्यंत काही बोलले नाहीत. हात धुऊन आल्यावर स्मरणिका उघडून पान चौऱ्याण्णव पुढं केलं. तिथं माझ्या दुकानाची जाहिरात होती. सहा वर्षांपूर्वी कोरलमध्ये केलेली, कर्व्ह करून ठेवलेली, दर वर्षी तशीच्या तशी लावायची. मोठ्या अक्षरांत: 'गिर्हाइकांचे समाधान हेच आमचे ध्येय.'

'र्हा' भोवती तांबडं वर्तुळ होतं. पेन त्यांनी संमेलनालाही आणलं होतं.